ठरलेली नोकरी रद्द झाली तेव्हा अर्ज पाठवून झाला होता: एका प्रवेशार्थीचे प्रकरण

2025 च्या 24 जूनला न्यू जर्सीतील एका मराठी कुटुंबातील मुलीला तिच्या प्रयोगशाळेकडून लेखी कळवण्यात आले, की जुलैपासून तिला मिळणार असलेले संशोधन समन्वयकाचे पूर्णवेळ पद रद्द झाले आहे. वैद्यकीय महाविद्यालयांसाठीचा तिचा अर्ज 30 मे रोजीच पाठवून झाला होता. त्या अर्जात याच पदाची नोंद होती, ती तिने ‘सर्वांत अर्थपूर्ण’ म्हणून निवडलेल्या तीन नोंदींपैकी एक होती आणि त्या नोंदीसमोर पुढील वर्षभराचे 1,900 अपेक्षित तास लिहिलेले होते. पाठवलेला अर्ज मागे घेऊन दुरुस्त करण्याची सोय नव्हती. अशा वेळी नेमके काय, कोणाला आणि कधी सांगायचे, हा या प्रकरणाचा विषय आहे.

मी अंतर्गत वैद्यकशास्त्राची डॉक्टर आहे, एका वैद्यकीय महाविद्यालयासाठी काही वर्षे प्रवेशाच्या मुलाखती घेतल्या आहेत आणि ओळखीच्या मराठी घरांतील मुलांचे अर्ज वाचून देते. हे प्रकरण त्या मुलीच्या आणि तिच्या आईवडिलांच्या संमतीने लिहीत आहे. तिची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. भारतात राहून अमेरिकेतील भाच्या-पुतण्यांच्या प्रवेशाची चौकशी करणाऱ्या वाचकांसाठी तिथली पद्धत आधी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण या घरात झालेल्या गोंधळाचे एक मूळ त्या पद्धतीच्या अपरिचयात होते.

अमेरिकेत एमडीसाठी (तिथे ही पदवीनंतर घ्यायची पहिली वैद्यकीय पदवी आहे, आपल्या एमबीबीएससारखी) बहुतेक महाविद्यालयांकडे जाणारा एकच प्राथमिक अर्ज असतो. तो एएएमसी, म्हणजे अमेरिकन वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेच्या ‘ॲमकास’ या सेवेमार्फत भरला जातो. मेच्या अखेरीस अर्ज पाठवता येतात आणि जूनच्या अखेरीस ते महाविद्यालयांच्या हाती पडतात. या अर्जात काम आणि उपक्रमांच्या जास्तीत जास्त 15 नोंदी करता येतात. प्रत्येक नोंदीच्या वर्णनासाठी 700 अक्षरचिन्हांची जागा असते आणि ‘सर्वांत अर्थपूर्ण’ ठरवलेल्या तीन नोंदींसाठी आणखी 1,325 अक्षरचिन्हांची. चालू असलेल्या कामासाठी झालेले तास आणि अपेक्षित तास वेगवेगळे लिहावे लागतात. अर्ज पोहोचल्यावर बहुतेक महाविद्यालये आपापला दुय्यम अर्ज पाठवतात. त्याला तिकडे सगळे ‘सेकंडरी’ म्हणतात. पदवी पूर्ण झालेल्या उमेदवाराला त्यात बऱ्याच ठिकाणी विचारला जाणारा प्रश्न असा, की या वर्षी तुम्ही काय करत आहात. पदवी आणि वैद्यकीय शिक्षण यांच्यामध्ये किमान एक वर्ष घेणारे विद्यार्थी आता बहुसंख्य आहेत. या ‘गॅप इयर’मध्ये पूर्णवेळ काम करणे ही त्यांच्या अर्जाची मोठी जमेची बाजू मानली जाते. 50,000 हून अधिक अर्जदारांपैकी सुमारे 23,000 जणांना एमडीसाठी प्रवेश मिळतो. त्यामुळे अर्जातील प्रत्येक ओळ आपल्या बाजूने किंवा विरुद्ध मोजली जाणार, या धास्तीत ही मुले वर्षभर वावरतात.

या मुलीने जानेवारी 2025 पासून, पदवीच्या शेवटच्या सत्रात, एका विद्यापीठ रुग्णालयाच्या संशोधन गटात विनावेतन काम केले होते. मेपर्यंत 160 तास झाले होते. एप्रिलमध्ये त्याच गटाने तिला पूर्णवेळ नोकरी देऊ केली. आठवड्याला 40 तास आणि वर्षाचे 48 आठवडे धरून तिने 1,920 चा आकडा काढला आणि 1,900 लिहिला. त्यात अतिशयोक्ती नव्हती. गटप्रमुखांनी तिच्यासाठी दिलेल्या शिफारसपत्रातही ती जुलैपासून आमच्याकडे रुजू होत आहे, असे वाक्य होते.

त्या वर्षी अमेरिकेतील वैद्यकीय संशोधनाचे काय झाले, हे वाचकांना ठाऊक असेलच. 20 जानेवारीला संघराज्य सरकारने नोकरभरती गोठवली. 7 फेब्रुवारीला राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, म्हणजे एनआयएचने, अनुदानांतील अप्रत्यक्ष खर्चावर 15 टक्क्यांची मर्यादा जाहीर केली. न्यायालयाने ती मर्यादा रोखली, तरी विद्यापीठांनी हात आखडता घेतला तो घेतलाच, आणि त्यानंतरच्या महिन्यांत चालू असलेली अनेक अनुदाने मध्येच संपुष्टात आणली गेली. या गटाचे अनुदान त्यांतलेच. गटप्रमुखांनी 17 जूनला तिला बोलावून तोंडी कल्पना दिली आणि आठवड्याने पत्र आले. त्या पत्रात तिचा दोष कुठेही नव्हता. पुढच्या घडामोडींत मात्र काही वाटा तिचा होता, आणि हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचे कारणही तेच आहे.

पहिली भेट

12 जुलैच्या शनिवारी ती आईवडिलांसह माझ्याकडे आली. वडील मूळचे सांगलीचे, 25 वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत संगणक क्षेत्रात. ते बसता बसताच म्हणाले, “वहिनी, आपण होऊन कशाला सांगायचं? अर्जात लिहिलं ते लिहिलं. तिथे कोण तास मोजायला बसलंय?”

त्यांच्या या म्हणण्यामागे लबाडी नव्हती, हे मी मुद्दाम नोंदवते. त्यांच्या भावाच्या मुलीचा महाराष्ट्रातील प्रवेश त्यांनी जवळून पाहिला होता. तिथे नीटचे 720 पैकी गुण, त्यावरून गुणवत्ताक्रम, मग कागदपत्रांची पडताळणी, आणि अर्जातील नोंद कागदाशी जुळली नाही की उमेदवाराच्या पायाखालची जमीन सरकते. त्या पद्धतीत आपल्याच अर्जातील विसंगती आपण होऊन दाखवणे म्हणजे पायावर धोंडा पाडून घेणे. तिथे अर्ज हा पुराव्यांचा संच असतो. अमेरिकेतील हा अर्ज मात्र निम्मा पुरावा आणि निम्मे निवेदन असतो. त्यातील ‘अपेक्षित तास’ हा रकाना तर उघडउघड भविष्याविषयीचा आहे आणि भविष्य बदलू शकते, हे वाचणाऱ्यालाही माहीत असते.

आईचा आग्रह उलट होता. मुलीवर अन्याय झाला आहे, तो सविस्तर मांडावा, धोरण कसे बदलले, गट किती चांगले काम करत होता, सगळे लिहावे. तिच्या सांगण्यावरून मुलीने तयार केलेला मसुदा 640 शब्दांचा होता. मी तो पूर्ण वाचला. त्यातील दुःख खरे होते आणि मलाही ते वाचून वाईट वाटले, कारण त्या वर्षी अशी कितीतरी उमदी मुले वाऱ्यावर सोडली गेली. पण त्या 640 शब्दांत ती आज काय करते आहे, याला एकच वाक्य होते, तेही शेवटून दुसरे.

मी त्यांना सांगितले, की प्राथमिक अर्जाची चिंता करू नका. अर्ज पाठवताना उमेदवार असे प्रमाणित करतो, की दिलेली माहिती त्या वेळी अद्ययावत, पूर्ण आणि अचूक आहे. 30 मे रोजी ती तशी होती. नंतरच्या काही गोष्टी महाविद्यालयांना तातडीने कळवण्याचे बंधन असते: पाठवलेल्या अर्जानंतर उमेदवार एखाद्या गुन्ह्यात दोषी ठरला किंवा महाविद्यालयाने शिस्तभंगाची कारवाई केली, तर 10 कामकाजी दिवसांत कळवावे लागते. नोकरी न मिळणे त्या यादीत बसत नाही. पुढच्या दुय्यम अर्जांत खरी परिस्थिती लिहा, म्हणजे झाले.

हे ऐकून वडिलांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. मुलगी गप्प होती. दारापर्यंत सोडायला गेले तेव्हा ती मागे थांबली आणि म्हणाली, “काकू, चार ठिकाणी जुनंच उत्तर गेलंय.”

चार दुय्यम अर्ज

दुय्यम अर्ज आल्यापासून दोन आठवड्यांत परत करावेत, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. 20-22 महाविद्यालयांचे अर्ज एकाच वेळी अंगावर येतात, म्हणून मुले मेमध्येच नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवतात. तिनेही ठेवली होती. 2 ते 6 जुलैच्या दरम्यान तिने पहिले चार अर्ज भरले आणि ‘या वर्षी तुम्ही काय करत आहात’ या प्रश्नाखाली मेमध्ये लिहिलेला परिच्छेद जसाच्या तसा चिकटवला. त्यात लिहिले होते, की मी या महिन्यापासून संशोधन समन्वयक म्हणून पूर्णवेळ काम करत आहे.

मी तिला विचारले, की चिकटवताना लक्षात आले नव्हते का. तिने थोडा वेळ घेतला. पहिल्या दोन अर्जांच्या वेळी घाईत खरोखरच लक्षात आले नव्हते. तिसऱ्याच्या वेळी आले होते, पण पर्यायी उत्तर तयार नव्हते, काय लिहावे सुचत नव्हते, गटप्रमुख कुठून तरी पैसे उभे करतील अशी आशाही होती, आणि पहिल्या दोघांना एक व नंतरच्यांना दुसरे असे कसे सांगायचे, म्हणून तेच पाठवले.

या क्षणी प्रकरणाचे स्वरूप बदलले, आणि मघाशी मी दिलेला दिलासा अपुरा ठरला. प्राथमिक अर्जातील विधान लिहिले तेव्हा खरे होते आणि नंतर परिस्थितीने त्याला खोटे ठरवले. या चार उत्तरांतील विधान लिहिले त्याच दिवशी खरे नव्हते आणि ते खरे नाही, हे सांगणारे पत्र तिच्याकडे आठवड्याभरापूर्वी आलेले होते. पहिल्याला बदललेली योजना म्हणतात. दुसरे चुकीचे निवेदन आहे. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हींत एकच नोकरी आणि एकच गट दिसतो, म्हणून अर्जदार स्वतःही त्यांची गल्लत करतात आणि एकाच ‘अपडेट’मध्ये दोन्ही गुंडाळतात. माझ्या मते ते चुकीचे आहे. योजना बदलल्याची माहिती देता येते. चुकीचे निवेदन दुरुस्त करावे लागते, आणि दुरुस्तीत ‘दुरुस्ती’ हा शब्द असावा लागतो.

ही चूक शोधून काढणे महाविद्यालयांना अवघडही नव्हते. प्रत्येक नोंदीसोबत संपर्कासाठी एका व्यक्तीचे नाव आणि दूरध्वनी किंवा ईमेल द्यावा लागतो. कोणी गटप्रमुखांना फोन केला असता, तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. अर्जातील विसंगतींची चौकशी करण्याची एएएमसीची स्वतंत्र व्यवस्था आहे आणि तिचा अहवाल उमेदवाराच्या सर्व महाविद्यालयांना जातो. पण पकडले जाण्याची भीती दाखवून मी तिच्याकडून पत्र लिहून घेतले नाही. तिने स्वतः दारात थांबून सांगितले होते आणि ते तिच्या मनाला लागले होते, हे मला दिसत होते.

14 जुलैला पत्र गेले. मूळ इंग्रजीत होते. त्याचा आशय असा:

“आपल्या दुय्यम अर्जातील चालू वर्षाविषयीच्या प्रश्नाला मी 3 जुलै रोजी दिलेले उत्तर चुकीचे आहे. ते दुरुस्त करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. जुलैपासून मी संशोधन समन्वयक म्हणून पूर्णवेळ काम करत असल्याचे त्यात म्हटले आहे. गटाचे अनुदान संपुष्टात आल्याने ते पद रद्द झाल्याचे मला 24 जून रोजी लेखी कळले होते. उत्तर मी त्यापूर्वी लिहून ठेवले होते आणि परिस्थिती बदलल्यावरही ते न बदलता पाठवले. ही चूक माझी आहे. प्राथमिक अर्जात या कामासाठी दाखवलेले 1,900 अपेक्षित तास होणार नाहीत. पूर्ण झालेले 160 तास बरोबर आहेत. सध्या मी नर्सिंग असिस्टंटच्या प्रशिक्षणासाठी नाव नोंदवले आहे. ते ऑगस्टमध्ये पूर्ण होईल. त्यानंतर वृद्धांच्या दीर्घकालीन शुश्रूषा केंद्रात काम करण्याचा विचार आहे, परंतु नोकरी अद्याप ठरलेली नाही.”

या पत्रातील दोन वाक्यांवरून आमच्यात बरीच चर्चा झाली. पहिले, ‘परिस्थिती बदलल्यावरही ते न बदलता पाठवले’. वडिलांना ‘नजरचुकीने’ हा शब्द हवा होता. दोन अर्जांपुरता तो चालला असता, उरलेल्या दोन अर्जांपुरता तो नवे असत्य ठरला असता. चुकीच्या निवेदनाची दुरुस्ती करताना दुसरे चुकीचे निवेदन करण्यासारखी आपत्ती नाही. म्हणून चारही पत्रांत खरे ठरेल असेच वाक्य निवडले. ते कारण सांगत नाही, पण काय घडले ते सांगते. ‘मला आशा होती’, ‘मी गोंधळले होते’ वगैरे तिने आधी लिहिले होते, ते मी काढायला लावले. ते खरे होते, परंतु समितीपुढे मनःस्थितीचे वर्णन मांडले, की वाचणाऱ्याला क्षमा करण्याचे काम दिल्यासारखे होते, आणि ते काम त्याचे नाही.

दुसरे वाक्य 1,900 तासांचे. तो आकडा मुद्दाम कशाला उगाळायचा, असे आई म्हणाली. मी याबाबत ठाम होते. पद रद्द झाले असे कळवले आणि तासांविषयी गप्प राहिले, तर फाइलमध्ये तो आकडा तसाच उरतो. शेकडो फाइली वाचणारी व्यक्ती एकूण तासांवर नजर टाकून पुढे जाते. मी स्वतः तसेच करत असे. त्या नजरेला तो आकडा खोटी माहिती देत राहतो. कोणते तास झाले आणि कोणते होणार नाहीत, हे दोन आकड्यांत लिहिले, की वाचणाऱ्याला हिशेब करावा लागत नाही.

पत्र पाठवण्याचा मार्गही सरळ नव्हता. चारपैकी एक महाविद्यालय आपल्या पोर्टलवर पत्रे स्वीकारत होते, दुसऱ्याला ईमेल चालत होता, तिसरे मुलाखतीनंतरच अपडेट घेत होते आणि चौथ्याच्या संकेतस्थळावर आम्ही कोणतेही अपडेट स्वीकारत नाही असे स्पष्ट लिहिलेले होते. शेवटच्या दोघांना तिने आधी दोन ओळींचा ईमेल केला: मला नवी माहिती द्यायची नाही, मी दिलेले एक चुकीचे उत्तर दुरुस्त करायचे आहे, ते कसे पाठवावे? चौथ्या महाविद्यालयाने दुसऱ्याच दिवशी, पत्र ईमेलने पाठवा, फाइलला जोडतो, असे उत्तर दिले. अपडेट न घेण्याचा नियम नव्या शोधनिबंधांच्या आणि पारितोषिकांच्या पुरापासून कार्यालयाला वाचवण्यासाठी असतो. दुरुस्ती नाकारण्यासाठी तो केलेला नसतो. तिसऱ्याकडून उत्तर आले नाही. आठवड्याने तिने पत्र त्याच ईमेलखाली पाठवून दिले आणि तो विषय संपवला.

उरलेल्या 17 महाविद्यालयांपैकी 11 जणांनी दुय्यम अर्जात हा प्रश्न विचारला होता. तिथे तिने खरे उत्तर लिहिले. जुलैमध्ये ते लिहिणे तिला सर्वांत जड गेले, कारण सांगण्यासारखे ठोस काहीच नव्हते. नोंदवलेले प्रशिक्षण आणि न ठरलेली नोकरी, एवढेच. तिची ओढ असे रिकामे वर्ष मोठ्या संकल्पांनी भरण्याकडे होती: स्वयंसेवा, शोधनिबंध, एखादी मोहीम. मी म्हटले, एक अपेक्षित आकडा नुकताच बुडाला आहे, दुसरा लिहू नकोस. प्रशिक्षणाचे नाव, ते संपण्याचा महिना आणि नंतर काय शोधणार, इतके पुरे.

ज्या सहा महाविद्यालयांनी काही विचारले नव्हते, त्यांचे काय करायचे, यावर माझे आणि माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याचे मत जुळले नाही. त्याचे म्हणणे, सर्वांना एकाच दिवशी एकच पत्र जावे. माझे म्हणणे, त्यांना सांगितलेले काहीही सांगितले तेव्हा खोटे नव्हते, त्यामुळे नवी नोकरी लागल्यावर जे काही कळवायचे ते एकदाच कळवावे. जुलैत ‘नोकरी गेली’ आणि सप्टेंबरात ‘नोकरी लागली’ अशी दोन पत्रे पाठवण्यात कोणाचेच हित नाही. आम्ही माझ्या मताप्रमाणे गेलो. त्याचे मत चूक होते असे मला आजही म्हणता येत नाही.

न लिहिलेली गोष्ट

जुलैअखेर गटप्रमुखांनी आपल्या परीने खटपट करून तिच्यासाठी बॉस्टनजवळच्या एका प्रयोगशाळेत तंत्रसाहाय्यकाची जागा पाहिली. पगार बरा होता आणि संशोधनाचे वर्ष वाचले असते. तिने नकार दिला. सांगलीहून आलेली आजी जूनमध्ये न्हाणीघरात घसरून पडली होती आणि तिच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली होती. आईवडील दोघे नोकरीला. आजीचे उठणेबसणे, चालण्याचा सराव, औषधांच्या वेळा, यांतले बरेचसे काम नातीकडे होते. नर्सिंग असिस्टंटच्या प्रशिक्षणाची कल्पना तिला आजीला आधार देऊन उठवणाऱ्या रुग्णालयातील साहाय्यिकेला पाहून सुचली.

म्हणजे संशोधनाची नोकरी परिस्थितीने नेली, पण संशोधनाकडे परत न जाणे हा तिचा स्वतःचा निर्णय होता. हे पत्रात लिहावे का? मी नको म्हटले. दुरुस्तीच्या पत्राचे काम चुकीचे उत्तर दुरुस्त करणे एवढेच होते. त्यात आजारी आजी आणली असती, तर खरी गोष्टही सहानुभूतीसाठी वापरल्यासारखी दिसली असती. शिवाय आजी ही तिच्या अर्जातील साधन नव्हती, आणि तिला स्वतःलाही ते नको होते. मात्र मी एक अट घातली: कोणी सरळ विचारले, की दुसरा पर्याय होता का, तर ‘नव्हता’ म्हणायचे नाही.

नर्सिंग असिस्टंटच्या कामासाठी संघराज्याच्या नियमाप्रमाणे किमान 75 तासांचे प्रशिक्षण लागते. न्यू जर्सीत त्याहून अधिक. ती 8 सप्टेंबरला एका शुश्रूषा केंद्रात आठवड्याला 32 तासांच्या कामावर रुजू झाली. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, साधारण 190 तास झाल्यावर, अपडेट स्वीकारणाऱ्या महाविद्यालयांना तिने छोटे पत्र पाठवले. त्यात केंद्रातील काम, झालेले तास आणि जून 2026 पर्यंत हे काम करण्याचा विचार, एवढे होते. पुढच्या तासांचा आकडा दिला नाही. संशोधनाची जागा गेल्याने माझे भलेच झाले, असेही तिने लिहिले नाही. अशी वाक्ये अशा पत्रांत फार दिसतात. तिला ते पद खरोखर हवे होते आणि ते गेल्याचे दुःख होते, तर ते नाकारायचे कशाला?

मुलाखती

तिला एकूण चार मुलाखती मिळाल्या. चुकीचे उत्तर गेलेल्या चार महाविद्यालयांपैकी एकाने बोलावले, दोघांनी नकार कळवला आणि एकाकडून काही आले नाही. या चारांच्या निकालांत पत्राचा वाटा किती, हे त्यांवरून ठरवता येत नाही, आणि मी तसे करणारही नाही.

दोन मुलाखती छोट्या छोट्या टप्प्यांच्या, म्हणजे एमएमआय पद्धतीच्या होत्या. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात विकसित झालेल्या या पद्धतीत प्रत्येक टप्प्यावर वेगळा प्रश्न आणि वेगळा परीक्षक असतो, आणि त्याच्यापुढे बहुधा फाइल नसते. तिथे नोकरीचा विषय निघालाच नाही. तिसऱ्या ठिकाणी फाइल वाचून आलेल्या एका प्राध्यापिकेने सुरुवातीलाच हसून विचारले, “म्हणजे सध्या तुम्ही संशोधन गटात आहात?” दुरुस्तीचे पत्र गेलेले हेच ते महाविद्यालय होते, आणि तरी तिच्यासमोर प्राथमिक अर्जाचाच कागद होता. पत्र पाठवले म्हणजे ते वाचले गेले असे धरू नये, हे मी तिला आधीच सांगून ठेवले होते. मुलाखतकाराच्या हाती कोणता कागद पडेल, याचा नेम नसतो.

त्या प्रसंगासाठी आम्ही उत्तर तयार केले होते, पण ते पाठ करू दिले नव्हते. ती म्हणाली, की नाही, ते पद जूनमध्ये अनुदानाबरोबर गेले. सध्या मी वृद्धांच्या शुश्रूषा केंद्रात नर्सिंग असिस्टंट आहे. आपल्या दुय्यम अर्जातही मी आधी जुने उत्तर पाठवले होते आणि जुलैमध्ये ते दुरुस्त केले, ते पत्र फाइलमध्ये असायला हवे. तिसरा भाग सांगायची गरज होती का, असे वडिलांनी नंतर विचारले. मला ती होती असे वाटते. प्राध्यापिकेने मुलाखतीनंतर फाइल चाळली असती आणि तिला ते पत्र दिसले असते, तर आपल्यापासून काही दडवले, असा तिचा समज झाला असता.

मग प्राध्यापिकेने तो प्रश्न विचारलाच. इतक्या चांगल्या शिफारशी असताना दुसरी प्रयोगशाळा मिळाली नाही का? मुलीने सांगितले, की एक मिळत होती, दुसऱ्या राज्यात, पण घरी आजीच्या शस्त्रक्रियेनंतरचे महिने होते आणि मी राहायचे ठरवले. पुढची दहा मिनिटे संशोधनाविषयी एकही प्रश्न आला नाही. शुश्रूषा केंद्रात रात्री स्मृतिभ्रंश झालेली बाई घरी जायचे म्हणून दाराशी येते, तेव्हा तुम्ही काय करता, असे तिला विचारले गेले. ती सहा आठवडे तेच करत होती, त्यामुळे उत्तराची जुळवाजुळव करावी लागली नाही.

चौथी मुलाखत याच्या उलट झाली. तिथल्या परीक्षकाने संशोधनाचे अपूर्ण वर्ष ही कमतरता असल्याचे स्पष्ट बोलून दाखवले. ते संशोधनावर भर देणारे महाविद्यालय होते. तिने ते मान्य केले आणि 160 तासांत प्रत्यक्ष काय केले तेवढेच सांगितले. तिथून नकार आला. बदललेली योजना प्रामाणिकपणे सांगितली म्हणून ती सर्वांना सारखीच पसंत पडेल, असे नसते. काही ठिकाणी त्या बदलाची किंमत द्यावीच लागते, आणि हे आधी माहीत असले तर उत्तर देताना आवाज कापत नाही.

फेब्रुवारीत तिसरी मुलाखत घेतलेल्या महाविद्यालयाने तिला प्रवेश देऊ केला. एमएमआय घेणाऱ्या दोघांपैकी एकाने प्रतीक्षायादीत ठेवले. एकाहून अधिक ठिकाणी प्रवेश मिळालेल्यांनी 30 एप्रिलपर्यंत एक निवडायचा असतो. तिला निवडण्याचा प्रश्नच नव्हता.

मार्चअखेर आजी सांगलीला परत जायचे म्हणू लागली. सोबत कोणीतरी जाणे भाग होते आणि तिथे महिनाभर राहून घर लावून देणेही. मुलीने शुश्रूषा केंद्रातील नोकरी जूनऐवजी एप्रिलअखेर सोडायचे ठरवले. तिच्या वडिलांचा मला फोन आला, की प्रवेश तर हातात आहे, तरी हे महाविद्यालयाला कळवावे लागेल का. मी विचार करत होते, कारण आता त्या दोन महिन्यांवर कोणाचाही निर्णय अवलंबून नव्हता आणि मी बहुधा गरज नाही असेच म्हटले असते. तेवढ्यात ते म्हणाले, “तिने कालच ईमेल केला वहिनी. दोन ओळींचा.” कार्यालयाचे उत्तरही आले होते: नोंद घेतली आहे, प्रवासासाठी शुभेच्छा, लसीकरणाचे कागद जुलैपूर्वी जमा करावेत.